कानातली कातडी चालते

नखाच्या मुळाशी ठेच लागली की तिथं काळा डाग पडतो. तो घासून जात नाही, औषधानंही जात नाही. नखासोबत महिन्याला साधारण ३ मिलिमीटर पुढे सरकत राहतो आणि एक दिवस नख कापताना निघून जातो. हे सगळ्यांनी बघितलेलं आहे. कानाच्या पडद्यावरही हेच चालू असतं, फक्त ते आपल्याला दिसत नाही. १९६० च्या दशकात कानाच्या डॉक्टरांनी पडद्यावर शाईचे बारीक ठिपके दिले आणि दर काही दिवसांनी दुर्बिणीतून बघितलं. ठिपके जागचे हलले होते. पडद्याच्या मध्यापासून ते कडेला गेले, कडेवरून नळीच्या भिंतीवर चढले आणि भिंतीवरून कानाच्या तोंडाकडे निघाले. वेग जवळपास नखाचाच. नळीत दिवसाला सुमारे ०.१ मिलिमीटर, पडद्यावर त्याहून थोडा कमी.

म्हणजे कानाची सफाई आतून बाहेर होते. आणि आपण गावात कानासाठी जे जे करतो, काडी, पिन, मोटरसायकलची चावी, लसणाचं तेल, ते सगळं बाहेरून आत जातं. या लेखात मला एवढंच सांगायचं आहे, पण ते नीट समजायला कानाच्या आत जरा सावकाश उतरावं लागतं.

मोठ्या माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते, बोटाच्या एका पेराएवढी. तिचे दोन भाग आहेत. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे कानाची पाळी (बाहेर दिसणारा सगळा कान) जशी लवचीक तसाच. इथली कातडी जाड असते, तिच्यावर बारीक केस असतात आणि तिच्यात तेल सोडणाऱ्या व मेण करणाऱ्या ग्रंथी असतात. आतला दोन तृतीयांश भाग कवटीच्या हाडातून गेलेला. तिथं केस नाहीत, ग्रंथी नाहीत, कातडीखाली चरबीचा थरही नाही. कागदासारखी पातळ कातडी थेट हाडावर चिकटलेली. म्हणून काडी थोडी आत गेली की डोळ्यांत पाणी येतं. नळीच्या शेवटी पडदा. उंची ९ ते १० मिलिमीटर, शर्टाच्या बारक्या बटणाएवढा. जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. तो भिंतीसारखा सरळ उभा नाही, तिरपा बसलेला आहे. त्यामुळे त्याच्या पुढच्या-खालच्या बाजूला एक अरुंद खोबण तयार होते. अंघोळीचं पाणी आणि कचरा अडकायची जागा हीच.

अंगावरची बाकीची कातडी खालून वर वाढते. वरचा थर मरतो, कोंडा होऊन गळतो, अंघोळीत किंवा कपड्याला लागून जातो. कानाची नळी म्हणजे एका बाजूनं बंद असलेला बोळ. पडद्यावरची मेलेली कातडी तिथंच गळली असती तर काही महिन्यांत बोळ भरला असता आणि माणूस बहिरा झाला असता. म्हणून इथं कातडी आडवी वाढते. पडद्याला आतून हातोडी नावाचं हाड चिकटलेलं असतं. त्याच्या दांड्यालगत आणि पडद्याच्या मधल्या खोलगट टोकाजवळ नव्या पेशी तयार होतात, आणि तिथून कातडीचा वरचा थर चहूबाजूंनी कडेकडे सरकतो. जिनिंगमध्ये माल वाहून नेणारा पट्टा असतो, तसा हा पट्टा. त्याच्यावर जे पडेल, धुळीचा कण, केस, रक्ताचा सुकलेला ठिपका, ते त्याच्यासोबत बाहेर निघतं.

ढोबळ हिशेब केला तर पडद्याच्या मध्यावरून निघालेल्या कातडीला कडेपर्यंत यायला दोनेक महिने आणि हाडाचा भाग पार करायला आणखी पाचेक महिने लागतात. मृगात कपाशी टोबताना निघालेला कातडीचा कण वेचणी उलटता उलटता कानाच्या तोंडाशी येतो. एवढ्या हळू चालणाऱ्या गोष्टीला आपण दर रविवारी काडीनं मदत करायला जातो.

हाड संपून कूर्चा सुरू होते तिथं हा थर सुटतो, त्याचे पापुद्रे होतात. तिथल्या ग्रंथींचं तेल आणि मेण त्यात मिसळतं. याच मिश्रणाला आपण मळ म्हणतो. मला या शब्दाचीच अडचण वाटते. मळ म्हटला की तो काढायचाच, हे ओघानंच येतं. खरं तर त्यातला मोठा भाग मेलेल्या कातडीचाच असतो, साधारण निम्मा किंवा त्याहून जास्त. बाकी चरबी, कोलेस्टेरॉल, मेणट पदार्थ. हा लेप किंचित आम्ल असतो, त्यामुळे जंतू आणि बुरशी तिथं सहज वाढत नाहीत. पाणी त्याच्यावरून ओघळून जातं. वावरातली धूळ त्याला चिकटते, आत पडद्यापर्यंत जात नाही. सोयाबीन मळणी यंत्रात घालणाऱ्या माणसाच्या कानाच्या तोंडाशी संध्याकाळी काळा-करडा थर दिसतो. त्याला वाटतं कान घाण झाला. प्रत्यक्षात धूळ दारातच अडली आहे. रुमालाच्या टोकानं, करंगळी जाईल तेवढंच, बाहेरून पुसलं की काम झालं.

मळाचा रंग आणि पोत माणसागणिक वेगळा असतो. आपल्याकडे बहुतेकांचा मधासारखा ओला असतो, काहींचा भाताच्या कोंड्यासारखा कोरडा. हे एका जनुकावर ठरतं; २००६ साली जपानी संशोधकांनी ते ओळखलं. दोन्ही मळ निरोगीच. मुलाचा मळ कोरडा आणि बापाचा ओला म्हणून काळजी करण्यासारखं काही नाही.

आता एक करून बघा. दोन्ही करंगळ्यांची टोकं कानांच्या तोंडाशी हलकेच ठेवा, आत दाबू नका, आणि तोंड मोठं उघडून मिटा. नळीची पुढची भिंत बोटाखाली हलताना जाणवेल. जबड्याचा सांधा नळीच्या अगदी पुढ्यात आहे. ज्वारीची भाकर चावताना, फुटाणे खाताना, बोलताना, जांभई देताना ही भिंत हलत राहते. सुटलेले पापुद्रे मोकळे होऊन बाहेर सरकायला तिचा हातभार लागतो. नळीतल्या केसांची टोकंही बाहेरच्या दिशेला असतात.

मग लोकांचे कान भरतात कसे?

पहिलं आणि सगळ्यांत मोठं कारण काडी. बाजारातली कापसाची काडी असो, खराट्याच्या काडीला गुंडाळलेला कापूस असो की आगकाडीचं मागचं टोक, हिशेब एकच. नळीची रुंदी जेमतेम ७ मिलिमीटर, मध्ये एका जागी त्याहून अरुंद. कापसाचं बोंडुक ४-५ मिलिमीटर. ते आत शिरतं तेव्हा कडेचा थोडा मळ त्याला लागतो आणि मधला सगळा पुढे ढकलला जातो. काडीवर पिवळं लागलेलं दिसतं म्हणून वाटतं, निघालं. वेचलेला कापूस गाठोड्यात पायानं चेपतात, तसा मळ रोज थोडा थोडा चेपला जातो. एकदा तो हाडाच्या भागात गेला की तिथं त्याला बाहेर आणायला केस नाहीत, जबड्याची हालचाल पोहोचत नाही, आणि वरून गोळा बसल्यामुळे खालचा पट्टाही अडतो. सरकणारी कातडी गोळ्याच्या मागे जमत जाते.

दुसरं, काडीनं पातळ कातडीला ओरखडे पडतात. ओरखडा भरताना खाजतो, खाज आली की पुन्हा काडी. मेणाचा लेप पुसला गेला की कातडी कोरडी पडते, तीही खाजते. काही जणांना काडी घातल्या घातल्या खोकला येतो. घशाकडे आणि छातीकडे जाणाऱ्या एका मोठ्या नसेची बारीक फांदी कानाच्या नळीत येते, तिला धक्का लागतो म्हणून तो खोकला. कानात कफ असतो असा त्याचा अर्थ नाही. खाजेचं चक्र तोडायला कडक पथ्य लागतं: निदान दोन-तीन आठवडे कानात काहीही घालायचं नाही, खाजलं तर पाळी बाहेरून चोळायची. तरीही खाज राहिली तर डोक्यात कोंडा आहे का ते बघावं, कारण तोच त्रास नळीच्या कातडीलाही होतो, आणि मग डॉक्टरांकडून मलम घ्यावं.

आठवडी बाजारात सळई आणि कापूस घेऊन बसणारे कान साफ करून देतात. त्यांचा हात सराईत असतो, हे मान्य. पण त्यांची एकच सळई दिवसभर पंचवीस कानांत जाते, आणि आत पडदा शाबूत आहे की भोक आहे हे त्यांना दिसत नाही. उजेडाशिवाय आणि बघितल्याशिवाय कानाच्या हाडाच्या भागात कुणीही काही घालू नये.

कान भरायची बाकीची कारणं थोडक्यात. काहींची नळी जन्मतःच अरुंद असते. म्हातारपणी ग्रंथी आक्रसतात, मळ कडक होतो, पुरुषांच्या कानातले केस राठ होतात आणि मळ त्यात अडकतो. ऐकायचं यंत्र लावणाऱ्यांच्या कानाचं तोंडच बंद असतं, त्यांनी दर तीन ते सहा महिन्यांनी कान दाखवावा. दिवसभर कानात खुंटीसारखे इअरफोन घालणाऱ्या पोरांचंही तेच.

भरलेला कान बरेच दिवस त्रास देत नाही. नळीत केसाएवढी फट उरली तरी ऐकू येतं. मग एक दिवस विहिरीत पोहून किंवा डोक्यावरून अंघोळ करून माणूस बाहेर येतो आणि एकदम दडा बसतो. पाण्यानं गोळा फुगला, फट मिटली. ‘कानात पाणी गेलं’ म्हणून तो उड्या मारतो, काडी घालतो, आणि गोळा आणखी आत जातो.

अचानक ऐकू येईनासं झालं की ते मळामुळेच असं मात्र धरून चालू नये. घरी करता येणारी एक साधी चाचणी आहे. तोंड मिटून खालच्या सुरात ‘हूंऽऽ’ करा. दडा बसलेल्या कानातच तो सूर जास्त घुमला, तर अडथळा बाहेर किंवा पडद्यामागे आहे: मळ, पाणी, सर्दी. सूर चांगल्या कानात घुमला, तर आतली नस दुखावल्याची शंका घ्यावी. अशा माणसाला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावं. नसेच्या या आजारात पहिल्या काही दिवसांतल्या औषधाला महत्त्व असतं. मळाचे थेंब टाकत दोन आठवडे घालवले तर वेळ गेलेली असते.

भरलेला कान मोकळा करायचा कसा? त्रास नसेल तर करूच नये. दिसतोय म्हणून मळ काढू नये. ऐकू कमी येत असेल, दडा असेल, किंवा डॉक्टरांना पडदा बघायचा असेल, तर आधी मळ मऊ करायचा. दुकानात मळ मऊ करायचे थेंब मिळतात, ५ टक्के सोडा बायकार्बचे किंवा इतर. पडद्याला भोक नाही, कान कधी वाहिला नाही, ऑपरेशन झालेलं नाही, कान दुखत नाही, एवढ्या गोष्टी पक्क्या असतील तरच. बाटली पाच मिनिटं मुठीत धरून कोमट करावी. गार थेंबांनी चक्कर येते. कुशीवर झोपून मोठ्या माणसाची पाळी वर आणि मागे ओढावी, नळी सरळ होते. तान्ह्या बाळाची खाली आणि मागे. चार-पाच थेंब टाकून पाच-दहा मिनिटं तसंच पडून राहावं. दिवसातून दोन-तीनदा, तीन ते पाच दिवस. पहिल्या एक-दोन दिवसांत दडा वाढतो, कारण मळ फुगतो. हे आधी सांगितलेलं नसलं की माणूस घाबरून थेंब सोडतो आणि काडी उचलतो. कापसाचा बोळा आत कोंबू नये, तो औषध पिऊन घेतो.

बऱ्याच वेळा एवढ्यावर मळ सुटून आपोआप येतो. नाही आला तर ग्रामीण रुग्णालयात पिचकारीनं धुतात. नीट धुतात की नाही हे ओळखायला तीन गोष्टी बघाव्यात. आधी उजेड लावून कान बघितला का? पाणी अंगाच्या उष्णतेचं, सुमारे ३७ अंश आहे का? गार किंवा फार गरम पाणी गेलं की आतल्या तोलाच्या नळ्यांतलं पाणी हलतं आणि माणूस खुर्चीवरून गरगरतो. आणि धार वरच्या-मागच्या भिंतीवर सोडतात का? थेट पडद्यावर सोडलेली धार पडदा फाडू शकते. भिंतीवरून गेली तर ती गोळ्याच्या मागे शिरून त्याला बाहेर लोटते. दुखलं की लगेच सांगावं, सोसू नये. धुतल्यावर कान कोरडा करून पडदा पुन्हा बघायला हवा. मधुमेह असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, आधी कान वाहत असेल किंवा तोच एक कान ऐकू येणारा असेल, तर पिचकारी नको. तज्ज्ञाकडून दुर्बिणीखाली ओढून काढून घ्यावा.

मेणबत्तीसारखी पोकळ नळी कानात लावून पेटवायची आणि मळ ओढला म्हणून दाखवायचं, असा एक प्रकार मोबाईलवर फिरतो. त्या नळीत उरतं ते तिचंच जळलेलं मेण. मळ ओढला जात नाही, कान भाजतो मात्र.

आता तेल. विदर्भात कानात तेल घालणं ही मायेची गोष्ट आहे, हे माहीत असूनच लिहितो आहे. पडदा शाबूत असलेल्या कोरड्या कानात दिवाळीच्या अभ्यंगाला दोन थेंब खोबरेल गेलं तर बिघडत नाही. बिघडतं ते चार ठिकाणी. एक, लसूण कडकडीत तळलेलं फल्लीचं तेल मनगटावर न पाहता ओतलं जातं आणि पातळ कातडी भाजते. दोन, कान वाहत असताना तेल घातलं जातं. ते भोकातून आत जातं आणि जंतूही सोबत नेतं. तीन, बाळाची मालिश करताना रोज कानात तेल. चार, पावसाळ्यात. श्रावणात हवा दमट, कान ओला, त्यात तेल: बुरशीला याहून चांगलं वावर नाही. बुरशी झाली की कान भयंकर खाजतो, जड वाटतो, मग ठणकतो. बघितलं तर आत भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा गोळा, त्यावर मोहरीहून बारीक काळे ठिपके, नाहीतर दह्यासारखा पांढरा थर. इथं जंतू मारायचे थेंब टाकून ती वाढते. आधी ती पूर्ण काढून कान कोरडा करावा लागतो, मग बुरशी मारायचे थेंब, आणि लक्षणं गेल्यावरही काही दिवस ते चालू ठेवायचे, नाहीतर महिन्यात परत येते. बाळाच्या कानात मायचं दूध घालायची रीतही सोडावी. दुधात साखर असते, आणि ओल्या उबदार बोळात साखर म्हणजे जंतूंना पंगत.

अंघोळीनंतर किंवा पोहल्यावर मान एका बाजूला कलती करून पाळी ओढावी आणि तोंडाशी आलेलं पाणी पंचाच्या टोकानं टिपावं. नाल्याच्या, तळ्याच्या गढूळ पाण्यात डुंबल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कान दुखायला लागला, तर एक ओळखीची खूण आहे. पाळी ओढली किंवा गालाकडचं कानासमोरचं कडक टोक दाबलं की कळ येते, म्हणजे दुखणं नळीच्या कातडीचं. पाळी ओढून दुखत नाही पण सर्दी-तापासोबत आत ठणका आहे, म्हणजे बहुधा पडद्यामागे पू धरतोय. दोन्हींचं औषध वेगळं आहे. साठीच्या मधुमेही माणसाचा कान रात्री झोप उडेल इतका ठणकत असेल, साध्या थेंबांनी कमी होत नसेल किंवा तोंड वाकडं होत असेल, तर तो संसर्ग हाडात शिरलेला असू शकतो. त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायला रात्र उलटू देऊ नये.

लहान मुलांच्या कानात दाणे जातात. तूर, मूग, ज्वारी, चिंचोका, जे अंगणात वाळत असेल ते. पट्टा दाण्याला बाहेर आणेल याची वाट बघू नये आणि पाणी तर अजिबात घालू नये. दाणा पाण्यानं फुगतो आणि घट्ट बसतो. मग भूल देऊन काढावा लागतो. चिमट्यानं गोल दाणा सुळकन आत सरकतो. मूल शांत असताना दवाखान्यात गेलं तर डॉक्टर बारीक आकड्यानं मागून ओढून मिनिटात काढतात. घरच्यांनी दोनदा प्रयत्न करून रक्त काढलेलं असलं की तेच काम अवघड होतं. घड्याळाचा किंवा खेळण्याचा चपटा सेल गेला असेल तर कुठलाही थेंब न टाकता ताबडतोब निघावं. तो काही तासांत कातडी जाळतो.

रात्री अंगणात बाजेवर झोपल्यावर किडा शिरतो तेव्हा माणूस वेडापिसा होतो, कारण किड्याचे पाय थेट पडद्यावर वाजतात. इथं मात्र तेल उपयोगी आहे. कान वाहिलेला नसेल तर कुशीवर झोपवून कोमटसर खायचं तेल नळी भरेपर्यंत सोडावं आणि पाच मिनिटं थांबावं. किडा गुदमरून मरतो, वळवळ थांबते. मग दवाखान्यात जाऊन तो काढून घ्यावा, कारण मेलेला किडा तसाच राहिला तर सडतो. ढोरांजवळ वावरणाऱ्यांच्या कानात गोचीड शिरते. ती तोंड रुतवून बसते, ओढली तर तुकडा आत राहतो. बधिर करायचे थेंब टाकून ती सोडवावी लागते. वाहत्या, वास येणाऱ्या कानावर माशी अंडी घालते आणि अळ्या होतात. उघड्यावर झोपणाऱ्या लेकरांच्या वाहत्या कानाकडे म्हणून दुर्लक्ष करू नये.

वाहत्या कानाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवण्यासारखी. कानाच्या नळीत शेंबडासारखा चिकट स्राव करणारी एकही ग्रंथी नाही. म्हणून बोटाला लावून ताणला तर तार सुटते असा स्राव कानातून येत असेल, तर तो पडद्यामागून आला आहे आणि पडद्याला भोक आहे. अशा कानात तेल, पाणी, मळाचे थेंब, काहीच नाही. अंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन चोळून तो कानाच्या तोंडाशी बसवावा, अंघोळ झाली की काढावा.

आणि एक स्राव याहून वाईट. थोडासाच, पण मेल्या उंदरासारखा वास, दुखणं जवळजवळ नाही. यात चालणारी कातडीच वाट चुकलेली असते. वर्षानुवर्षांच्या सर्दीनं नाक-कान जोडणारी नळी बंद राहिली की पडद्याचा वरचा ढिला भाग आत ओढला जातो आणि तिथं पिशवी तयार होते. कातडी त्या पिशवीत उतरते, वाढत राहते, पण तिला बाहेर यायला रस्ता नाही. पापुद्र्यांवर पापुद्रे साचतात, पिशवी फुगते आणि शेजारचं हाड खात जाते. आधी ऐकण्याची बारीक हाडं, पुढे चेहऱ्याच्या नसेभोवतीचं हाड, तोलाचा भाग, आणि मेंदूच्या आवरणापर्यंत. गावात याला हाड सडलं म्हणतात. थेंबांनी वास कमी होतो, पिशवी जात नाही. ऑपरेशनच करावं लागतं. दुखत नाही म्हणून दहा-दहा वर्षं अंगावर काढलेले कान असेच असतात. वासाचा कान दिसला की आशाताईंना सांगून मेडिकल कॉलेजच्या कान विभागात पाठवावं. नागपूर, यवतमाळ, सेवाग्राम, सावंगी इथं ही ऑपरेशनं होतात.

साधं भोक, म्हणजे कानफटीत बसून, फटाक्यानं किंवा काडीचा धक्का लागून ताजं फाटलेलं, त्याला बहुतेक वेळा काही करावं लागत नाही. कान कोरडा ठेवायचा, नाक जोरात शिंकरायचं नाही, थेंब टाकायचे नाहीत, आणि दीड-दोन महिन्यांनी दाखवायचं. बहुतेक लहान भोकं तेवढ्यात बुजतात. फाटलं त्या दिवशी पडद्यावर जो रक्ताचा थेंब सुकून बसलेला असतो, तो कुणी काढू नये. पुढच्या तपासणीत तो पडद्याच्या कडेला दिसतो, त्याच्या पुढच्या तपासणीत नळीच्या भिंतीवर, आणि काही महिन्यांनी एक दिवस उशीच्या अभ्र्यावर काळपट कण म्हणून सापडतो.